व्होल्टेज आणि करंटवरून रोध व वॅट कसे काढतात? कूलर, मोटर आणि तापणाऱ्या प्लगमागचे सोपे गणित

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला की नागपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कळमेश्वर तालुक्यात तेव्हा घरोघरी कूलर दिवसरात्र सुरू असतात. संत्र्याच्या बागांमध्ये आंबिया बहराची फळे टिकवण्यासाठी विहिरी आणि बोअरवरच्या मोटरी चालवाव्या लागतात. एमआयडीसीतील कारखान्यांना लागणारी वीज वेगळीच. याच दिवसांत चार तक्रारी हमखास ऐकू येतात: मोटर नुसती घुं-घुं करते, पाणी उचलत नाही, एसीचा प्लग काळा पडला, इस्त्री तापायला वेळ लागतो, कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात.

या चारही गोष्टींचे उत्तर दोन आकड्यांत असते. एक व्होल्टेज, दुसरा करंट. हे दोन आकडे हाती असले की रोध किती आणि वॅट किती, हे साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येते. दहावीपर्यंत शिकलेले हे गणित परीक्षेनंतर बहुतेक जण विसरतात. प्रत्यक्षात ते सर्वाधिक उपयोगी पडते ते घरात आणि शेतात.

थोडक्यात

- रोध = व्होल्टेज ÷ करंट (उत्तर ओहममध्ये)
- शक्ती = व्होल्टेज × करंट (उत्तर वॅटमध्ये)
- तारेत किंवा सांध्यात निर्माण होणारी उष्णता = करंट × करंट × रोध
- व्होल्टेज कमी झाले की तापणारी उपकरणे कमी करंट घेतात, तर भार ओढणाऱ्या मोटरी जास्त करंट घेतात. मोटरी जळण्याचे एक मोठे कारण हेच.

## चार आकडे नेमके काय सांगतात?

व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब. उंचावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला जसा जोर असतो, तसा. महावितरणच्या कागदपत्रांत यालाच ‘वीजदाब’ म्हणतात, तर शाळेच्या पुस्तकात ‘विभवांतर’. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरला जातो. शेतीपंपाच्या थ्री-फेज जोडणीत दोन तारांमधील दाब ४०० ते ४१५ व्होल्ट असतो.

करंट म्हणजे तारेतून प्रत्यक्ष वाहणारी वीज. पुस्तकी शब्द ‘विद्युतधारा’, एकक अँपिअर. नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहते, तसा हा आकडा.

रोध म्हणजे त्या वाहण्याला होणारा अडथळा. एकक ओहम. पाइप जितका अरुंद आणि लांब, तितका अडथळा जास्त. तारेचेही तसेच: बारीक आणि लांब तारेचा रोध जास्त, जाड आणि आखूड तारेचा कमी.

शक्ती म्हणजे उपकरण दर सेकंदाला किती ऊर्जा वापरते तो आकडा. एकक वॅट. मोटरीच्या बाबतीत हाच आकडा एचपीत सांगतात. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट.

जर्मनीतील शिक्षक गेऑर्ग झिमोन ओहम यांनी व्होल्टेज, करंट आणि रोध यांचा संबंध १८२७ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. करंटमुळे तारेत किती उष्णता निर्माण होते, याचा नियम इंग्लंडच्या जेम्स ज्यूल यांनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांतून दाखवला. या लेखातील बहुतेक सगळा हिशेब या दोन नियमांवर उभा आहे.

## सूत्रे कोणती?

मूळ सूत्रे दोनच आहेत. बाकीची त्यांचीच रूपे.

| काय काढायचे? | काय माहीत आहे? | सूत्र |
|---|---|---|
| रोध | व्होल्टेज, करंट | व्होल्टेज ÷ करंट |
| करंट | व्होल्टेज, रोध | व्होल्टेज ÷ रोध |
| शक्ती | व्होल्टेज, करंट | व्होल्टेज × करंट |
| करंट | शक्ती, व्होल्टेज | शक्ती ÷ व्होल्टेज |
| शक्ती | करंट, रोध | करंटचा वर्ग × रोध |
| शक्ती | व्होल्टेज, रोध | व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध |

एकके मात्र जुळली पाहिजेत. करंट मिलीअँपिअरमध्ये असेल तर आधी १००० ने भागून अँपिअर करावा. शक्ती किलोवॅटमध्ये असेल तर १००० ने गुणून वॅट करावेत. उत्तरे चुकतात ती बहुतेक वेळा इथेच.

## उदाहरण पहिले: घरातील इस्त्री

इस्त्रीच्या खालच्या पट्टीवर ‘१००० वॅट, २३० व्होल्ट’ असे लिहिलेले असते.

- करंट = १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर
- रोध = २३० ÷ ४.३५ = सुमारे ५२.९ ओहम

आता समजा, भर दुपारी गावातील व्होल्टेज १८०वर आले. इस्त्रीतील कॉइल तीच आहे, त्यामुळे तिचा रोध जवळपास तेवढाच, ५२.९ ओहम राहतो.

- करंट = १८० ÷ ५२.९ = ३.४ अँपिअर
- शक्ती = १८० × ३.४ = सुमारे ६१२ वॅट

व्होल्टेज २२ टक्क्यांनी कमी झाले, पण शक्ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटली. कारण व्होल्टेज कमी होताच करंटही कमी होतो आणि शक्ती या दोघांचा गुणाकार असते. म्हणून इस्त्री तापायला वेळ लागतो आणि गिझरचे पाणी कोमट राहते. उपकरणावर लिहिलेले वॅट हे फक्त त्या लिहिलेल्या व्होल्टेजलाच खरे असतात, ही गोष्ट इथून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कमी व्होल्टेजमुळे इस्त्रीचे नुकसान मात्र होत नाही. ती फक्त संथ होते. मोटरीचे तसे नाही.

## उदाहरण दुसरे: संत्र्याच्या बागेतील पाच एचपीची मोटर

विहिरीवरची मोटर ठरावीक खोलीवरून ठरावीक पाणी वर ढकलते. व्होल्टेज कमी झाले म्हणून विहिरीची खोली कमी होत नाही. काम तेवढेच राहते, म्हणून मोटर कमी व्होल्टेजची भरपाई जास्त करंट ओढून करते.

थ्री-फेज मोटरीचे वॅट काढताना दोन जादा गोष्टी धराव्या लागतात. एक, तीन फेज असल्यामुळे १.७३२ हा गुणक. दुसरी, पॉवर फॅक्टर. मोटर ओढते त्या करंटचा काही भाग फक्त चुंबकीय क्षेत्र उभे करण्यात जातो. तो काम करत नाही, पण तारेतून वाहतोच. उपयोगी भागाचे प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. चांगल्या मोटरीत पूर्ण भारावर तो ०.८५च्या आसपास असतो.

पाच एचपीच्या मोटरीवर टाँग टेस्टर लावून ७.२ अँपिअर करंट दिसला, असे धरू.

- शक्ती = १.७३२ × ४१५ × ७.२ × ०.८५ = सुमारे ४४०० वॅट

पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. मग ४४०० कुठून आले? पाटीवरचे एचपी हे मोटर पंपाच्या दांड्यावर जे काम देते त्याचे असतात. वीज घेताना मोटर थोडी जास्त घेते, वरचे सुमारे ६७० वॅट उष्णता आणि घर्षणात जातात. ही मोटर तासाला ४.४ युनिट वीज वापरते, आठ तास चालली तर सुमारे ३५ युनिट.

आता व्होल्टेज ४१५ऐवजी ३४० मिळाले तर? पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता तेवढीच धरून ढोबळ हिशेब असा:

- करंट = ७.२ × ४१५ ÷ ३४० = सुमारे ८.८ अँपिअर

करंट २२ टक्के वाढला. पण वाइंडिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.२२ × १.२२ म्हणजे जवळजवळ १.५. बाहेर ४५ अंश तापमान आणि आत दीडपट उष्णता. वाइंडिंगवरच्या इन्सुलेशनबद्दल असा ढोबळ नियम सांगितला जातो की सततचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य अर्धे होते. त्यामुळे मोटर एका दिवसात जळली असे दिसले, तरी तिचे आयुष्य बरेच दिवस आधीपासून झिजत आलेले असते.

स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले हीच गोष्ट थांबवण्यासाठी असतो. मोटर ७.५ अँपिअरची असेल तर रिलेही त्याच आकड्याला लावलेला हवा. ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून तो १० अँपिअरवर फिरवून ठेवणे किंवा बायपास करणे म्हणजे मोटरीचा पहारेकरी झोपवण्यासारखे आहे.

## ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर लावा असे का सांगतात?

महावितरण शेतकऱ्यांना वेळोवेळी दोन आवाहने करते: पंपाचे ऑटोस्विच काढून टाका आणि कॅपॅसिटर बसवा. दोन्हींमागे हेच गणित आहे.

मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एका रोहित्रावर, म्हणजे गावच्या भाषेत डीपीवर, पाच एचपीचे दहा पंप आहेत आणि सगळे चालू आहेत असे धरू.

- चालू असताना: १० × ७.२ = ७२ अँपिअर
- सगळे एकदम सुरू होताना, सहा पट धरून: ४३२ अँपिअर

१०० केव्हीएच्या डीपीची क्षमता प्रत्येक फेजला साधारण १३० ते १४० अँपिअर असते. डीपीपासून पंपांपर्यंतच्या तारेचा रोध प्रत्येक फेजला समजा ०.१ ओहम आहे. तारेत वाया जाणारे व्होल्टेज = करंट × रोध.

- चालू असताना: ७२ × ०.१ = ७ व्होल्ट
- एकदम सुरू होताना: ४३२ × ०.१ = ४३ व्होल्ट

फेजचे २४० व्होल्ट असे घसरून २००च्या खाली येतात आणि दोन तारांमधले ४१५ व्होल्ट ३४०च्या आसपास. इतक्या कमी दाबाला मोटरींना जोर मिळत नाही, त्या घुं-घुं करत अडून राहतात आणि अडलेली मोटर सुरुवातीचा तोच मोठा करंट ओढत राहते. मग डीपीचे फ्यूज जातात किंवा डीपीच जळते. वीज आल्याबरोबर सगळ्यांचे ऑटोस्विच एकाच क्षणी मोटरी सुरू करतात, तेव्हा नेमके हेच घडते. मोटरी हाताने, थोड्या थोड्या अंतराने सुरू केल्या तर तोच डीपी तेवढेच पंप निभावून नेतो.

कॅपॅसिटर दुसऱ्या बाजूने मदत करतो. मोटरीला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा बिनकामाचा करंट तो जागेवरच पुरवतो. तारेतून येणारा करंट कमी होतो, तारेत पडणारे व्होल्टेज कमी होते आणि शेवटच्या शेतापर्यंत दाब बरा पोहोचतो. ज्याच्या पंपाला कॅपॅसिटर आहे त्याच्याबरोबर शेजाऱ्याचाही फायदा होतो, तो असा.

## प्लग काळा का पडतो?

घराच्या एका टोकाला मीटर आणि दुसऱ्या टोकाला खोली. मधले अंतर ३० मीटर. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसऱ्या तारेने, म्हणून तारेची लांबी ६० मीटर धरायची. दीड टनाचा एसी साधारण ८ अँपिअर करंट घेतो असे मानू. तांब्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या तारांमध्ये काय होते ते असे:

| तारेची जाडी (चौ. मिमी) | ६० मीटरचा रोध | वाया जाणारे व्होल्टेज | तारेतील उष्णता |
|---|---|---|---|
| १.५ | ०.७३ ओहम | ५.८ व्होल्ट | ४६ वॅट |
| २.५ | ०.४४ ओहम | ३.६ व्होल्ट | २८ वॅट |
| ४ | ०.२८ ओहम | २.२ व्होल्ट | १८ वॅट |

हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ४५ अंशांना तो सुमारे १० टक्के जास्त असतो. म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात, जेव्हा भार सर्वाधिक असतो तेव्हाच तारही जास्त अडवते.

तरीही ४६ वॅट उष्णता ६० मीटर तारेत पसरलेली असते, त्यामुळे ती फारशी जाणवत नाही. खरा धोका सांध्यात असतो. सॉकेटची पकड सैल झाली किंवा स्क्रू ढिला राहिला की त्या एका ठिकाणी रोध वाढतो. तो समजा अर्धा ओहम झाला.

- कूलर लावला (१ अँपिअर): १ × १ × ०.५ = अर्धा वॅट
- एसी लावला (८ अँपिअर): ८ × ८ × ०.५ = ३२ वॅट

सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि ती शिसे-कथिल वितळवते. इथे ३२ वॅट नखाएवढ्या जागेत कोंडलेले आहेत. ‘याच बोर्डावर इतकी वर्षे कूलर चालला, मग एसी लावल्यावर प्लग का वितळला?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. करंट आठपट झाला, पण उष्णता चौसष्टपट झाली. दोष आधीपासून होता, कूलरच्या करंटमध्ये तो दिसत नव्हता इतकेच.

म्हणून एसी, गिझर, मोठा हीटर यांना ६ अँपिअरचा साधा सॉकेट नको, १६ अँपिअरचा हवा आणि तारही त्या बेताची. तासभर चालल्यानंतर उपकरण बंद करून प्लग काढावा आणि त्याच्या पिना कोमटपेक्षा जास्त तापल्या आहेत का ते पाहावे. काळपट डाग किंवा जळका वास आला तर तो सॉकेट बदलायलाच हवा. नुसता प्लग बदलून भागत नाही.

## कूलरचा शॉक: इथे रोध माणसाचा असतो

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. पाणी, पत्र्याची बॉडी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, सगळे एकाच जागी येतात. ओहमचा नियम इथेही तोच लागू होतो. फक्त रोधाच्या जागी शरीर असते.

कोरड्या त्वचेचा रोध कितीतरी हजार ओहम असू शकतो. त्वचा ओली असेल तर शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास उतरतो.

- करंट = २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर

साधारण १ मिलीअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलीअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलीअँपिअरच्या वर काही काळ करंट वाहिला तर जिवाला धोका सुरू होतो. २३० मिलीअँपिअर हा आकडा त्याच्या कितीतरी पुढचा आहे.

घरातील एमसीबी इथे वाचवत नाही. १० अँपिअरच्या एमसीबीला ०.२३ अँपिअर म्हणजे काहीच नाही. तो वायर वाचवण्यासाठी असतो, माणसासाठी नव्हे. माणसासाठी दोन गोष्टी लागतात.

पहिली, अर्थिंग. कूलरच्या पत्र्याला फेज चिकटली तर करंटला जमिनीत जाण्याची सोपी वाट मिळाली पाहिजे. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल तर २३० ÷ ५ = ४६ अँपिअर वाहतात आणि एमसीबी पडतो. पण अर्थिंग निकामी होत जाऊन रोध ५० ओहम झाला असेल तर २३० ÷ ५० = ४.६ अँपिअरच वाहतात. एमसीबी पडत नाही आणि पत्रा विजेने भरलेला राहतो. तार जोडलेली दिसते, पण उपयोग शून्य. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकण्याची जुनी पद्धत आहे. ती उगाच पडलेली नाही.

दुसरी, आरसीसीबी किंवा ईएलसीबी. हे उपकरण जाणारा आणि परत येणारा करंट यांची तुलना करते. घरगुती आरसीसीबीत दोन्हींत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की वीज क्षणार्धात तुटते. वरच्या उदाहरणात अर्थिंग ५० ओहमचे असले तरी ४.६ अँपिअरची गळती ३० मिलीअँपिअरपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे आरसीसीबी लगेच पडतो.

कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा. हलक्या झिणझिण्या येणे ही ‘थोडीशी गळती’ समजून सोडून देऊ नये. आज चप्पल पायात असल्यामुळे रोध जास्त असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागते. उद्या ओल्या फरशीवर अनवाणी पाय असतील. गळती तीच, पण रोध वेगळा.

## विदर्भातली वीज दूर पाठवताना हेच गणित

कळमेश्वरच्या जवळच कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आहेत आणि दक्षिणेला चंद्रपूरचे मोठे केंद्र. चंद्रपूरची वीज मुंबईच्या बाजूला नेण्यासाठी १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी सुमारे ७५० किलोमीटरची डीसी वाहिनी सुरू झाली. तिची क्षमता १५०० मेगावॅट. एक तार अधिक ५ लाख व्होल्टवर, दुसरी उणे ५ लाख व्होल्टवर. दोन्हींतला फरक १० लाख व्होल्ट.

- करंट = १५० कोटी वॅट ÷ १० लाख व्होल्ट = १५०० अँपिअर

हीच वीज घरगुती २३० व्होल्टने पाठवायची म्हटली तर करंट सुमारे ६५ लाख अँपिअर होईल. एवढा करंट वाहून नेणारी तार बनवणेच अशक्य. व्होल्टेज वाढवले की तेवढ्याच शक्तीला कमी करंट लागतो आणि तारेतील उष्णता करंटच्या वर्गाने घटते. उच्चदाब वाहिन्या असतात त्या यासाठी. एसीच्या प्लगमध्ये ३२ वॅट तापवणारा नियमच इथे शेकडो किलोमीटरच्या तारांची जाडी ठरवतो.

## मीटर न उघडता घरीच मोजायचे कसे?

मल्टीमीटर नसतानाही हा हिशेब करता येतो. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याशेजारी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ३२००. अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडले.

१. घरातील बाकी सगळे बंद करावे. फक्त १००० वॅटची इस्त्री लावावी.
२. इस्त्रीचा दिवा पेटलेला असताना, म्हणजे ती तापत असतानाच, एका मिनिटात मीटरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजणे सोपे जाते.
३. ३२००च्या मीटरवर दर मिनिटाच्या एका लुकलुकीचा अर्थ १८.७५ वॅट. (६०,००० ला मीटरवरच्या आकड्याने भागले की हा गुणक मिळतो.)

पूर्ण २३० व्होल्ट मिळत असतील तर मिनिटाला साधारण ५३ लुकलुकी दिसतील. त्याऐवजी ४२ दिसल्या, तर:

- शक्ती = ४२ × १८.७५ = सुमारे ७८८ वॅट
- व्होल्टेज = (७८८ × ५२.९) चे वर्गमूळ = सुमारे २०४ व्होल्ट

म्हणजे घरात २३०ऐवजी २०४ व्होल्टच येत आहेत. हा अंदाज आहे, कारण इस्त्रीवर लिहिलेल्या वॅटमध्येही थोडा फरक असतो. पण पहाटे आणि दुपारी अशा दोन वेळा मोजले तर व्होल्टेज किती घसरते हे स्पष्ट दिसते. ‘व्होल्टेज कमी येते’ या तोंडी तक्रारीपेक्षा तारीख, वेळ आणि आकडा लिहिलेली तक्रार वजनदार ठरते.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

युनिट कसे काढायचे?
वॅट × तास ÷ १०००. २०० वॅटचा कूलर रोज १० तास चालला तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०.

कूलरचा करंट १.१ अँपिअर दिसला. २३० ने गुणल्यावर २५३ येतात, पण पाटीवर २०० वॅट आहेत. चूक कुठे?
चूक नाही. कूलरमध्ये मोटर आहे, त्यामुळे पॉवर फॅक्टर लागतो. २०० ÷ २५३ = ०.७९. घरातला वीजमीटर युनिट मोजताना खरे वॅटच धरतो. इस्त्री, गिझर, साधा बल्ब यांना मात्र थेट गुणाकार चालतो.

१०० वॅटच्या जुन्या बल्बचा रोध मल्टीमीटरने मोजला तर हिशेबापेक्षा खूप कमी का येतो?
हिशेबाने २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम येतात. पण तो पेटलेल्या बल्बचा रोध असतो. बल्बमधील टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध याच्या साधारण दहाव्या ते पंधराव्या हिश्शाएवढा असतो. बल्ब बटण दाबतानाच उडतो, त्यामागे हे एक कारण आहे: त्या क्षणी करंट सर्वाधिक असतो.

स्टॅबिलायझर लावला की कमी व्होल्टेजचा प्रश्न सुटतो का?
त्या उपकरणापुरता सुटतो. पण शक्ती तेवढीच द्यायची आणि येणारे व्होल्टेज कमी, म्हणजे स्टॅबिलायझर तारेतून जास्त करंट ओढतो. त्याच्या मागची वायर आणि सॉकेट त्या करंटला पुरेसे हवेत.

चालू सर्किटमध्ये रोध मोजता येतो का?
मल्टीमीटर ओहमवर ठेवून चालू सर्किटला कधीही लावू नये. मीटर जळू शकतो आणि हातालाही इजा होऊ शकते. चालू उपकरणाचा रोध हवा असेल तर व्होल्टेज आणि करंट मोजून भागाकार करावा. तोही जाणकार इलेक्ट्रिशियनकडून.